कापसाच्या पानातला लाल्या सहा प्रकाशांत कसा पाहायचा

ऑक्टोबर संपत आला की आमच्याकडे परभणी, जालना, बीडच्या पट्ट्यात कापसाची पानं लाल पडायला लागतात. शेतकरी सगळ्यालाच लाल्या म्हणतो, पण कारण दरवेळी एक नसतं. कुठे मॅग्नेशियम कमी पडलेलं असतं, कुठे नत्र. कुठे तुडतुड्यांनी रस शोषून पानाच्या कडा करपवलेल्या असतात, तर कुठे काळ्या रानात पाणी साचून मुळं गुदमरलेली असतात. रात्रीची थंडी वाढली की लाली भरभर पसरते. मी मानवतच्या बाजूला एका कॉलेजात भौतिकशास्त्र शिकवते आणि घरची शेती कापसाची आहे. मोठ्या भावाचा प्रश्न सरळ होता: "लाल झाल्यावर मलाबी दिसायलंय की. त्याच्या आधी काही सांगता येतंय का बघ."

या प्रश्नासाठी जी पद्धत बसवली ती इथे लिहिते आहे. बीएस्सीच्या मुलांना, शेतकी पदविकेच्या मुलांना आणि शाळेच्या प्रयोगशाळेतल्या शिक्षकांनाही ती जमेल. उदाहरण पानाचं आहे. स्लाइडवरच्या ऊतीचा छेद पाहायचा असेल तर काय बदलतं ते शेवटाकडे येईल.

कल्पना अशी. नेहमीचा कॅमेरा लाल, हिरवा, निळा असे तीन रुंद पट्टे पाहतो आणि डोळाही जवळपास तेच करतो. आपण पान काळ्या पेटीत ठेवायचं, एका वेळी एकाच तरंगलांबीचा एलईडी लावायचा आणि प्रत्येक वेळी एक करडा फोटो घ्यायचा. सहा एलईडी, सहा फोटो. मग पानावरच्या प्रत्येक ठिपक्याला सहा आकडे मिळतात आणि त्या आकड्यांवरून आत कोणतं रंगद्रव्य किती आहे याचा अंदाज बांधता येतो. उपग्रहांनी हेच केलं. २३ जुलै १९७२ रोजी उडालेल्या पहिल्या लँडसॅटवर चार पट्ट्यांत पृथ्वी टिपणारं यंत्र होतं. परभणीचं कृषी विद्यापीठही त्याच वर्षी मे महिन्यात स्थापन झालं, म्हणून मी वर्गात ही दोन्ही वर्षं एकत्र सांगते.

कोणते प्रकाश, आणि का तेच

पहिलं काम खरेदीचं नाही, प्रश्न ठरवण्याचं आहे. लाल्यात पानात दोन गोष्टी घडतात: हरितद्रव्य कमी होतं आणि अँथोसायनिन नावाचं लाल-जांभळं रंगद्रव्य साठतं. मॅग्नेशियम हरितद्रव्याच्या रेणूच्या मधोमध बसलेलं असतं, म्हणून ते कमी पडलं की खालच्या जुन्या पानांच्या शिरांमधली जागा आधी बदलते आणि शिरा हिरव्या राहतात. आता ही दोन रंगद्रव्यं कोणता प्रकाश खातात ते पाहा. जिवंत पानातलं हरितद्रव्य निळा प्रकाश आणि ६८० नॅनोमीटरच्या आसपासचा लाल प्रकाश जोरात शोषतं, हिरवा त्या मानानं कमी. अँथोसायनिन ५५० च्या आसपासचा हिरवा प्रकाश शोषतं आणि लाल जवळजवळ सोडून देतं. सुमारे ७५० च्या पुढच्या अवरक्त (इन्फ्रारेड) प्रकाशाला दोन्ही रंगद्रव्यं पारदर्शक असतात. तिथे पान उजळ दिसतं ते पेशींच्या भिंती आणि मधल्या हवेच्या पोकळ्या यांच्यावर प्रकाश विखुरतो म्हणून. म्हणजे अवरक्त फोटो पानाची आतली बांधणी सांगतो.

त्यावरून माझे सहा एलईडी ठरले: ४७०, ५२५, ५९०, ६६०, ७३० आणि ८५० नॅनोमीटर. ६६० आणि ७३० चे एलईडी हरितगृहातल्या झाडांसाठी विकले जातात, ८५० चे रात्री पाहणाऱ्या सीसीटीव्हीसाठी. बाकीचे कुठल्याही इलेक्ट्रॉनिक्सच्या दुकानात मिळतात. ५५० आणि ७०० चे सुटे एलईडी सहज मिळत नाहीत, त्यामुळे अँथोसायनिनसाठी शोधनिबंधांत वापरला जाणारा निर्देशांक, म्हणजे ५५० च्या परावर्तनाचा व्यस्त वजा ७०० च्या परावर्तनाचा व्यस्त, आपल्याला जसाच्या तसा काढता येत नाही. ५२५ आणि ७३० घालून तो काढला, तर धडधाकट हिरव्या पानालाही मोठा आकडा येतो, कारण ५२५ वर हरितद्रव्याचंही थोडं शोषण असतं आणि ७३० ते वजा करू शकत नाही. असा आकडा छापील आकड्यांशी ताडून पाहू नका. आपल्यासाठी वेगळी वाट आहे, ती पुढे.

पेटी आणि कॅमेरा

कॅमेरा शक्यतो एकरंगी घ्या. रास्पबेरी पाय या छोट्या संगणकाला जोडता येणारा ओव्ही ९२८१ सेन्सरचा कॅमेरा १२८० × ८०० पिक्सेलचा आहे आणि पानासाठी तो पुरतो. रंगीत कॅमेऱ्यात प्रत्येक पिक्सेलवर रंगाची गाळणी असते. आपण एका वेळी एकच रंग टाकतो, त्यामुळे त्यातले बरेच पिक्सेल वाया जातात. भिंगात किंवा सेन्सरसमोर अवरक्त अडवणारी काच नाही ना, हे तपासायला टीव्हीचा रिमोट पुरेसा आहे. रिमोटचं टोक कॅमेऱ्यासमोर धरून बटण दाबा. लख्ख ठिपका दिसला तर वाट मोकळी आहे.

पेटी प्लायवूडची, आतून काळी. इथे एक गोष्ट कळकळीनं सांगते, कारण ती कोणी सांगत नाही: डोळ्याला काळं दिसणारं कापड ८५० वर पुष्कळदा पांढरंफटक दिसतं. कापडाचे काळे रंग अवरक्त शोषत नाहीत. काजळीचं रंगद्रव्य असलेला काळा रंग शोषतो. म्हणून पानाखाली जे काळं ठेवणार असाल त्याचा ८५० वर एक फोटो काढून बघाच. पानातून अवरक्त प्रकाशाचा बराच मोठा हिस्सा आरपार जातो. खालची पार्श्वभूमी उजळ असेल तर तो परत वर येतो आणि पान आहे त्यापेक्षा जाड, निरोगी भासतं.

प्रत्येक तरंगलांबीचे एलईडी समोरासमोरच्या दोन बाजूंना, पानाशी साधारण ४५ अंशांत बसवा आणि समोर बटर पेपर लावा. एका बाजूनं उजेड टाकला की पानाच्या सुरकुत्यांच्या सावल्या पडतात आणि प्रक्रियेत त्या रंगद्रव्यासारख्या वागतात. एलईडीला स्थिर विद्युतधारा द्या. उजेड कमी-जास्त करण्यासाठी लुकलुकवण्याची पीडब्ल्यूएम पद्धत वापरू नका. कॅमेऱ्याचा उघडझाप काळ (एक्स्पोजर) आणि लुकलुक यांचा मेळ बसत नाही आणि फोटोगणिक उजेड बदलतो. आमच्याकडे दिवसभरात विजेचा दाब खालीवर होतो, म्हणून सगळी पेटी पॉवर बँकेवर चालवायची. चमक घालवायला ध्रुवकाच्या (पोलरायझर) पट्ट्या आडव्या-उभ्या लावण्याची युक्ती दृश्य प्रकाशात चांगली चालते, पण साध्या पट्ट्या अवरक्तात निकामी होतात. सहाही फोटो सारख्या परिस्थितीत हवेत, त्यामुळे मी ती सोडून दिली.

८५० च्या एलईडीकडे टक लावून पाहायचं नाही. तो अंधूक लाल दिसतो म्हणून डोळा मिटत नाही आणि बाहुली आकसत नाही, पण ऊर्जा डोळ्यात जातच असते. मुलांना हे पहिल्या तासालाच सांगा.

काळा फोटो, पांढरा फोटो

या सगळ्या लिखाणातून एकच परिच्छेद कोणी वाचणार असेल तर तो हा असावा. कॅमेऱ्याचा आकडा म्हणजे पानाचा गुणधर्म नव्हे. त्यात एलईडीची ताकद, भिंगाच्या कडेचा अंधार, सेन्सरची त्या रंगाची संवेदनशीलता आणि उन्हाळ्याची उष्णता हे सगळं मिसळलेलं असतं. ते वेगळं काढायला दोन जादा फोटो लागतात. काळा फोटो सगळे दिवे बंद ठेवून, तोच उघडझाप काळ ठेवून घ्यायचा. पांढरा फोटो पानाच्या जागी सगळीकडे सारखी पांढरी असलेली पाटी ठेवून, प्रत्येक एलईडीखाली एकेक घ्यायचा.

पाटी विकत घ्यायची गरज नाही. नळ जोडताना प्लंबर आटीवर जी पांढरी टेफ्लॉन टेप गुंडाळतो, तीच एका सपाट फरशीच्या तुकड्यावर थरावर थर देत दोन-तीन मिलिमीटर जाड होईपर्यंत गुंडाळा. प्रयोगशाळांत महागाची जी पांढरी पाटी वापरतात तीही टेफ्लॉनच्याच जातीची असते. जाड टेफ्लॉन आपल्या सहाही तरंगलांबींवर जवळजवळ सगळा प्रकाश परत पाठवतो. पाटी कॅमेऱ्याच्या संपूर्ण चौकटीला पुरेल एवढी असू द्या आणि झाकणाच्या डब्यात ठेवा, कारण बोटांचं तेल आणि आपल्या रानातली काळी धूळ तिचा पांढरेपणा खाते. शिवाय टेपचा एक छोटा तुकडा पानाच्या शेजारी कायमचा चिकटवा. त्याचा आकडा दुपारी हलला तर समजायचं, काहीतरी सरकलं.

मग प्रत्येक पिक्सेलसाठी: परावर्तन = (पानाचा फोटो − काळा) ÷ (पांढरा − काळा). दहा बिटांच्या कॅमेऱ्यात आकडे ० ते १०२३ असतात. काळा १६, पांढरा ८२०, पान १०८ असेल तर ९२ भागिले ८०४, म्हणजे सुमारे ०.११. पान ११ टक्के प्रकाश परत पाठवतं. हा आकडा मानवतमध्ये आणि नांदेडमध्ये, याच एलईडींच्या पेटीत, सारखाच यायला हवा.

प्रत्येक एलईडीसाठी उघडझाप काळ असा धरा की पांढरी पाटी पूर्ण मर्यादेच्या साधारण ८० टक्क्यांवर येईल. पाटी १०२३ ला टेकली तर तो फोटो बाद. काळ एकदा ठरला की पान आणि पाटी दोन्हींसाठी तोच. कॅमेऱ्याची आपोआप उजेड, रंग आणि सिग्नलची वाढ (गेन) ठरवणारी सगळी सोय बंद करा. फोटो कच्च्या स्वरूपात किंवा १६ बिटांच्या टिफमध्ये साठवा. जेपीईजी डोळ्याला शोभेल अशा बेतानं आकडे बदलतं, ते इथे चालत नाही.

आता उष्णतेबद्दल. सेन्सरचा अंधारातला प्रवाह तापमान ६ ते ८ अंशांनी वाढलं की साधारण दुप्पट होतो. मे महिन्यात परभणीत पारा ४२ च्या वर जातो, तेव्हा सकाळी आठचा काळा फोटो दुपारी दोनला चालणार नाही. एलईडीही तापला की मंदावतो, त्यातही लाल जास्त. म्हणून दिवे लावून काही मिनिटं थांबायचं आणि प्रत्येक तुकडीच्या सुरुवातीला व शेवटी काळा-पांढरा दोन्ही घ्यायचे. कंटाळवाणं आहे, पण याला पर्याय नाही.

पान तोडल्यापासून फोटोपर्यंत

पान देठासकट सकाळी तोडा, दव सुकल्यावर. ओल्या फडक्यात गुंडाळून पिशवीत ठेवा आणि देठ पाण्यात राहील असं पाहा. पान सुकलं की आतल्या पोकळ्या बदलतात आणि अवरक्त आकडे हलतात. झाड कोणतं, वरून कितवं पान, शिरांमधली जागा लाल आहे की कडा, पानाच्या खालच्या बाजूला तुडतुडे होते का, हे तिथेच वहीत लिहा. पानावरची धूळ ओल्या कापसानं अलगद टिपा, घासू नका. वरचा मेणाचा थर निघाला तर चमक बदलते. पान सपाट ठेवायला वर काच ठेवू नका, तिचं प्रतिबिंब पडतं. कडांना बारीक टाचण्या पुरतात.

सहाही फोटो एका दमात, कॅमेऱ्याला हात न लावता घ्या. दिवे बदलायचं काम रास्पबेरी पायवर सोपवा.

जुळवणी, आणि कडेवरची फसवी लाली

भिंग प्रत्येक रंग थोड्या वेगळ्या अंतरावर एकत्र आणतं, त्यामुळे ८५० चा फोटो ४७० च्या फोटोपेक्षा किंचित लहान-मोठा आणि धूसर येतो. जुन्या कॅमेऱ्यांच्या भिंगांवर अवरक्तासाठी जी वेगळी लाल खूण असायची ती याचसाठी. दोन फोटो एक-दोन पिक्सेलनीही सरकले तर भागाकार करताना पानाच्या कडेला एक झळाळती किनार उमटते. लाल्याची सुरुवातही बऱ्याचदा कडेपासूनच होते. म्हणजे जिथे आजार शोधायचा तिथेच यंत्र खोटी खूण उमटवतं. म्हणून जुळवणीत घाई नको.

चौकटीच्या चार कोपऱ्यांत काळे ठिपके छापलेला कागद लावा. ठिपके लेझर प्रिंटरवर छापा. त्याच्या काळ्या भुकटीत काजळी असते, ती अवरक्तातही काळी दिसते. शाईच्या प्रिंटरवरचे ठिपके ८५० वर पुष्कळदा गायब होतात. ठिपक्यांवरून सरकणं, फिरणं आणि आकारातला फरक असे तिन्ही दुरुस्त करा. ठिपके नसतील तर फोटोंच्या उजेडावरून जुळवणी करू नका: हिरवं पान ६६० वर काळं आणि ८५० वर पांढरं असतं, संगणक गोंधळतो. आधी दोन्ही फोटोंच्या कडा काढा आणि कडांची जुळवणी करा. त्यानंतर पानाच्या मुखवट्याची किनार दोन-तीन पिक्सेल आत कापा.

मुखवटा म्हणजे पान कुठे आहे आणि पार्श्वभूमी कुठे, याचा काळा-पांढरा नकाशा. ८५० च्या फोटोत पान उजळ आणि मागचं काळं असतं, तेव्हा ओत्सू यांनी १९७९ मध्ये दिलेली उंबरठा, म्हणजे उजळ आणि काळ्यातली सीमा, ठरवण्याची पद्धत तिथे एका झटक्यात चालते.

हे सगळं फिजी नावाच्या सॉफ्टवेअरमध्ये होतं; ते इमेजजे या प्रतिमा मोजण्याच्या सॉफ्टवेअरचंच सजवलेलं, फुकट मिळणारं रूप आहे. आधी सगळे फोटो ३२ बिटांत बदला, नाहीतर वजाबाकीत शून्याखाली गेलेले आकडे गप्प शून्य होतात. मग 'प्रोसेस' मेनूतल्या 'इमेज कॅल्क्युलेटर'मध्ये वजाबाकी आणि भागाकार. मुलांना आधी इथेच हातानं करू द्या. पायथनमध्ये नमपाय आणि ओपनसीव्ही घेऊन शंभर पानं एका दमात उरकता येतात, पण हातानं एकदा केल्याशिवाय आकडा कुठे बिघडतो ते कळत नाही.

दोन आकडे, एक निदान

समजा तीन पानांचं परावर्तन असं आलं. हिरवं पान: ५२५ वर ०.०९, ६६० वर ०.०६, ८५० वर ०.४८. लाल्याचं पान: ०.०६, ०.१४, ०.४७. नुसतं पिवळं पडलेलं पान: ०.२०, ०.१६, ०.४७.

शेतीत सगळीकडे ज्याचा बोलबाला आहे तो एनडीव्हीआय आधी काढू: अवरक्त वजा लाल, भागिले दोन्हींची बेरीज. हिरव्याला ०.७८, लाल्याला ०.५४, पिवळ्याला ०.४९. शेवटची दोन जवळजवळ सारखी. एनडीव्हीआयनं हरितद्रव्य घटलं एवढं सांगितलं. पानात काय साठलं याची त्याला खबरच नाही, कारण तो हिरव्या प्रकाशाकडे बघतच नाही. ड्रोनवाले शेतावरून फिरून लाल-पिवळे नकाशे देतात तेव्हा हा मुद्दा त्यांना जरूर विचारा.

आता ६६० भागिले ५२५ करा. हिरव्याला ०.६७, पिवळ्याला ०.८०, लाल्याला २.३३. इथे लाल्या एकदम वेगळा उभा राहतो. पिवळ्या पानात लाल आणि हिरवा दोन्ही प्रकाश वाढतात, म्हणून गुणोत्तर फारसं हलत नाही. लाल्यात लाल वाढतो आणि हिरवा अँथोसायनिन गिळतं, म्हणून गुणोत्तर उसळतं. भावाच्या प्रश्नाचं उत्तर याच नकाशात शोधायचं: पान डोळ्याला फक्त मळकट हिरवं वाटतं तेव्हा शिरांमधल्या पट्ट्यांत हे गुणोत्तर शिरांपेक्षा वर सरकलंय का ते बघायचं. लाल पानावर तो आकडा मोठा येणारच. खरी परीक्षा मळकट पानाची. त्यासाठी खूण करून ठेवलेली तीच पानं झाडावरच पुन्हा पुन्हा टिपावी लागतात, म्हणून पेटीच्या एका बाजूला देठ आत घेण्यापुरती फट ठेवा आणि फोटो घेताना ती काळ्या स्पंजानं बुजवा.

भागाकाराआधी ३ × ३ पिक्सेलची मध्यक गाळणी (प्रत्येक पिक्सेलच्या जागी शेजाऱ्यांमधला मधला आकडा) फिरवा, आणि ५२५ चं परावर्तन फारच लहान असेल ते पिक्सेल मुखवट्यातून काढा, नाहीतर एखादा धुळीचा कण आकाशाला भिडणारा आकडा देतो.

सहाही पट्टे एकत्र घेऊन प्रमुख घटक विश्लेषणही (सगळ्यात जास्त फरक पट्ट्यांच्या कोणत्या मिश्रणांत आहे ते शोधणारं गणित) करता येतं. मी ते शोध घ्यायला वापरते, निष्कर्ष काढायला नाही. पहिला घटक बहुतेक वेळा नुसता उजेड-सावली असतो, आपल्या कामाचा दुसरा किंवा तिसरा निघतो. यंत्रशिक्षणाकडे (मशीन लर्निंग) वळणाऱ्या मुलांना एकच अट घालते: शिकवायची पानं आणि तपासायची पानं वेगवेगळ्या झाडांची असली पाहिजेत. एका पानात लाखो पिक्सेल असले तरी ते पान एकच नमुना आहे. त्याच पानाचे अर्धे पिक्सेल शिकायला आणि अर्धे तपासायला ठेवले तर ९९ टक्के यश मिळतं आणि त्याचा शेतात काही उपयोग होत नाही.

रसायनानं ताळा

प्रतिमेतला आकडा रंगद्रव्याचा आहे हे सिद्ध करायला पान वाटावंच लागतं. फोटो झाल्यावर ठरलेल्या जागेतून ठरलेल्या आकाराच्या चकत्या पाडा. काही चकत्या ८० टक्के अ‍ॅसिटोनमध्ये वाटून गाळा आणि वर्णपटमापीत ६६३ व ६४५ वर शोषण मोजा. आर्नन यांच्या १९४९ च्या सूत्रांनुसार हरितद्रव्य 'अ' = १२.७ × शोषण ६६३ − २.६९ × शोषण ६४५, आणि हरितद्रव्य 'ब' = २२.९ × शोषण ६४५ − ४.६८ × शोषण ६६३, दोन्ही मिलिग्रॅम प्रति लिटरमध्ये. अ‍ॅसिटोनसाठी काचेच्याच नळ्या वापरा, स्वस्त प्लॅस्टिकच्या विरघळतात. अँथोसायनिनसाठी दुसऱ्या चकत्या १ टक्का हायड्रोक्लोरिक आम्ल घातलेल्या मिथेनॉलमध्ये भिजवा आणि शोषण ५३० मधून ०.२५ × शोषण ६५७ वजा करा. मिथेनॉल विषारी आहे, दोन्ही द्रावणं पेट घेतात. खिडक्या उघड्या, ज्योत बंद. मग आलेखावर एका अक्षाला फोटोतलं गुणोत्तर, दुसऱ्याला नळीतलं अँथोसायनिन. ठिपके एका रेषेभोवती जमले तरच पुढे जायचं.

गुणोत्तर चढलं म्हणून लगेच मॅग्नेशियम सल्फेट फवारायची घाई नको. लाली चढते आहे एवढं प्रतिमा सांगते. मॅग्नेशियम कमी आहे का तुडतुडे आहेत हे पानाच्या मागच्या बाजूनं आणि माती-पान परीक्षणानं ठरतं.

स्लाइडवरची ऊती

वनस्पतिशास्त्राच्या मुली पानाचा छेद घेऊन सॅफ्रॅनिन आणि फास्ट ग्रीननं रंगवतात. काष्ठमय भिंती लाल, बाकीच्या हिरव्या. इथे प्रकाश ऊतीतून आरपार जातो, त्यामुळे पांढऱ्या पाटीऐवजी स्लाइडच्या कोऱ्या भागाचा फोटो घ्यायचा. छेद पातळ असल्यानं बिअर-लँबर्टचा नियम बऱ्यापैकी लागू पडतो: पारगमनाचं, म्हणजे आरपार गेलेल्या प्रकाशाच्या वाट्याचं, ऋण लॉगरिदम घेतलं की प्रकाशीय घनता मिळते आणि ती रंगाच्या प्रमाणात वाढते. पारगमन ०.१ असेल तर घनता १. अख्ख्या पानाच्या परावर्तनावर हे गणित लावू नका, तिथे प्रकाश आत भटकत राहतो.

सॅफ्रॅनिन ५२० च्या आसपास शोषतं, फास्ट ग्रीन ६२५ च्या आसपास, म्हणून ५२५ आणि ६३० चे एलईडी सूक्ष्मदर्शकाच्या संग्राहकाखाली (कंडेन्सर) लावा. आधी एकेकाच रंगानं रंगवलेल्या स्लाइड मोजा. समजा नुसत्या सॅफ्रॅनिनची घनता ५२५ वर ०.८०, ६३० वर ०.०५, नुसत्या फास्ट ग्रीनची ०.०५ आणि ०.९०. दुहेरी रंगाच्या एखाद्या ठिपक्यावर ०.४५ आणि ०.५० आले, तर दोन अज्ञातांची दोन समीकरणं सोडवून दोन्ही रंगांचा वाटा सुमारे ०.५३ येतो. दहावीच्या बीजगणिताइतकंच हे आहे.

दवाखान्यातल्या हिमॅटॉक्सिलिन-इओसिन या दोन रंगांच्या स्लाइडवर हीच कल्पना रुइफ्रॉक आणि जॉन्स्टन यांनी २००१ मध्ये साध्या रंगीत फोटोसाठी मांडली. फिजीत ती 'कलर डीकन्व्होल्यूशन' नावानं तयार मिळते. तिथले तयार आकडे दुसऱ्यांच्या रंगांचे असतात, तेव्हा आपल्या प्रयोगशाळेच्या एकरंगी स्लाइडवरून स्वतःचे काढा. ऊतीतलं प्रथिन दाखवायला वापरतात तो डीएबीचा तपकिरी रंग प्रकाश विखुरतो, त्याच्या घनतेवरून प्रथिन किती हे ठरवू नका. माणसाची ऊती हाताळायची असेल तर संस्थेच्या नैतिकता समितीची परवानगी आणि विकृतिशास्त्राचे डॉक्टर सोबत हवेत.

शेवटी फायलींबद्दल. नावात तारीख, शेत, झाड, पानाचा क्रमांक, तरंगलांबी आणि उघडझाप काळ असू द्या. कच्चे फोटो, त्यांचे काळे-पांढरे आणि वहीच्या पानाचा फोटो एकाच फोल्डरमध्ये ठेवा. तो फोल्डर दोन ठिकाणी साठवा आणि त्यातला एकही फोटो कधी उघडून त्यावरच जतन करू नका. प्रक्रिया केलेली प्रत वेगळ्या फोल्डरमध्ये जाते.